तुम्ही कोणत्या गेम कंपनीचे भक्त होतात? आणि दक्षिणा दिलीत का?

धोटा (धागाकर्ता)

परवा आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवायला लावली. तिला लग्नातलं पितळी तपेलं हवं होतं. तपेलं मिळालं नाही, पण तळाशी एक सीडी सापडली. वर काळ्या मार्करने दुकानदाराच्या अक्षरात 'एज २ + कॉन्करर', म्हणजे 'एज ऑफ एम्पायर्स २' हा राज्य उभारून लढायचा गेम आणि 'कॉन्करर' ही त्याची पुरवणी. नववीत असताना तीस रुपयांना घेतली होती. खालची बाजू अशी ओरखडलेली की मांजराने खेळायला घेतली असावी.

माझी बरीचशी पोरवयातली वर्षं या सीडीत गेली. वर्गातली बाकीची पोरं 'एज' खेळायची. मी मात्र तो बनवणाऱ्या 'एन्सेम्बल स्टुडिओज'चा भक्त होतो. गेम सुरू होताना त्यांचं नाव यायचं तेव्हा सगळे एस्केप दाबायचे, मी कोणाला दाबू द्यायचो नाही. कंपासपेटीच्या झाकणावर कर्कटकाने ते नाव कोरलं होतं. नकाशाच्या पुस्तकात डॅलस शोधून ठेवलं होतं, का तर कंपनी तिथली. कंपनीतला ब्रूस शेली हा माणूस आधी सिड मायरबरोबर 'सिव्हिलायझेशन' या गेमवर होता हे मला माहीत होतं, आणि सोलापूरच्या पूर्व भागात ते ऐकून घेणारं कोणीही नव्हतं.

आमच्या घरामागच्या शेडमध्ये वडिलांचे चार माग होते. कॉम्प्युटर ताईच्या कोर्ससाठी आला आणि खडखडाटाच्या भिंतीला लागूनच ठेवला गेला. एकदा वडील जेवायला आत आले आणि मागे उभे राहून बघत बसले. गेममध्ये टाउन सेंटर या मुख्य इमारतीवर एक बटण असतं, लूम. त्यांनी विचारलं, "हे काय घेतलास?" मी म्हटलं, "माग, नाना. पन्नास सोनं दिलं की गावकऱ्यांचा जीव वाढतो. पंचवीसचा चाळीस होतो." ते खूप वेळ हसले. म्हणाले, "माझे चार मग्गम आहेत रे. माझा तर रोज कमी होतोय."

२००९ च्या जानेवारीत एन्सेम्बल बंद पडली. मला कळलं दोन वर्षांनी, पुण्यात, होस्टेलवर. त्या रात्री जेवलो नाही (मेसमध्ये दुधी होता हेही एक कारण). मग डोक्यात आलं, इतकी वर्षं भक्ती केली, पण त्या लोकांना माझ्याकडून एक रुपया तरी गेला का? तीस रुपये गेले ते मार्करवाल्याला.

तर प्रश्न दोन. तुमची अशी एखादी कंपनी होती का? आणि असल्या फुकट्या भक्ताला भक्त म्हणायचं का?

कडक_भाकरी

११

तायडी

भाकरी, हे काय? नुसता आकडा?

कडक_भाकरी

तायडे, एज टूमध्ये चॅटला ११ टाकलं की सगळ्यांच्या स्पीकरमधून एक माणूस खदाखदा हसायचा. समोरच्याचा किल्ला पडला की टाकायचं. १४ टाकलं की 'करा की सुरू आता गेम'. २७ टाकलं की 'दोन तास खेळून असं मरायचं होतं?' आमच्या घरी मी आणि भाऊ अजून आईला '३' म्हणतो. म्हणजे जेवायला वाढ.

पार्कचौक

बे धोट्या, रडवलास. आता माझं ऐक.

नवी पेठेत एका दुकानाच्या वर कॅफे होतं. नाव नाही सांगत, मालक अजून ओळखतो आणि माझी उधारी अजून त्याच्या वहीत आहे. आठ मशिनी, तासाला पंधरा रुपये, चपला जिन्यात काढायच्या. शनिवारी चार विरुद्ध चार. प्रत्येकाचा रंग ठरलेला. मी पिवळा, आणि माझा रंग कोणी घेतला तर मी खेळायचोच नाही. ते लोडशेडिंगचे दिवस. लाइट गेली की यूपीएस टी-टी करायला लागायचे आणि आठही जण एकदम ओरडायचे, "सेव्ह कर बे, सेव्ह कर!" होस्ट (ज्याच्या मशिनवर गेम उघडलेला) जो असेल त्याच्या अंगावर सगळे पडायचे. घाईत फाइलला नाव काय द्यायचं सुचायचं नाही. एकाने 'आई' नाव दिलं. पुढच्या शनिवारी कॅफेभर आवाज, "आई लोड कर, आई लोड कर."

एकदा मी तीन तास खपून वंडर, म्हणजे गेम जिंकून देणारी भव्य इमारत, बांधत आणलं होतं. थोडंच राहिलं होतं. लाइट गेली. होस्ट म्हणाला सेव्ह केलंय. नव्हतं केलेलं बे त्याने. तो माणूस आज माझा साडू आहे. मी अजून विसरलेलो नाही.

डेव्हलपर कोण ते मात्र कधी बघितलं नाही. मायक्रोसॉफ्टचं नाव यायचं, म्हणून वाटायचं बिल गेट्सनेच बसून केलाय.

शेंगाचटणी

साडू वाचून हसून हसून पुरेवाट. लग्नात आहेर काय केलास, लूम?

मिशन_एक

एज वगैरे ठीक आहे, पण तो काळ आयजीआयचा, लपतछपत जायच्या बंदुकीच्या गेमचा होता. विषय संपला. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही. अर्धा तास पोटावर सरपटत जायचं, एका कॅमेऱ्यात दिसलो की अलार्म, मग बराकीतून माणसं येतच राहायची. घामाने माउस ओला व्हायचा. त्याला म्हणतात गेम. तुमचं ते मेंढ्या राखणं.

धोटा

@मिशन_एक, कंपनी कोणाची होती सांग बघू. गूगल न करता.

मिशन_एक

...

मिशन_एक

इनरलूप स्टुडिओज, ऑस्लो, नॉर्वे. गेम २००० चा. (केलं गूगल. काय करणार.) हे वाचून विचित्र वाटलं खरं. ज्या गेमचे नकाशे मला आमच्या गल्लीपेक्षा पाठ होते, तो नॉर्वेतल्या लोकांनी केला हे वीस वर्षांनी कळतंय. आणि गंमत म्हणजे तीही कंपनी राहिली नाही.

जुना_खेळाडू

तुम्ही सगळे लेकरं आहात. आमच्या वेळी गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पिवळ्या कॅसेटी मिळायच्या. वर लिहिलेलं '९९९९ इन १', आत पाच गेम, तेच परत परत. त्यात कॉन्ट्रा. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, तीस जीव. आज बँकेचा पिन विसरतो, हे विसरत नाही. कोनामी नाव पडद्यावर यायचं ते आम्ही 'कोणामी' वाचायचो. भाऊ म्हणायचा, 'कोण? मी!'

तायडी

कोण, मी! नमस्कार स्वीकारा.

आता बहिणींची बाजू. आमच्याकडेही कॉम्प्युटर माझ्यासाठीच आला होता हो. माझ्या वाट्याला यायचा दुपारी दोन ते तीन, भाऊ शाळेत असताना. त्या एका तासात मी टॅली सोडून सगळं शिकले. मला एजपेक्षा एज ऑफ मायथॉलॉजी आवडायचा, तोही एन्सेम्बलचाच, २००२ चा. भावाच्या गावावर वीज पाडायची, वर दुसऱ्या दिवशी "मला काय माहीत" म्हणायचं.

एक बारीक गोष्ट. एजच्या पहिल्या भागात गावकरी सगळे पुरुष. दुसऱ्या भागात बायकाही आल्या, लाकूडही तोडतात, खाणीतही जातात, जीव दोघांचा सारखाच. भाऊ छातीठोकपणे सांगायचा, बायका हळू काम करतात. मी घड्याळ लावून मोजून दाखवलं. तरी शिकारीला तो पुरुषच पाठवायचा. रानडुक्कर मारायला बायको पाठवली तर त्याला कसंसं व्हायचं म्हणे. आता त्याची बायको त्याला कुठेही पाठवते.

हिशेबनीस

सगळे गोड गोड आठवणी काढताय म्हणून थोडं कडू बोलतो. धोटा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे.

आपण सोलापूरकर. पानिपतपासून कुठकुठल्या गिरण्यांतून आलेला माल 'सोलापुरी चादर' म्हणून हायवेवर विकला जातो तेव्हा आपण किती बोंबलतो? जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तरी नक्कल थांबत नाही, विणणाऱ्याच्या पोटावर पाय येतो, हे सगळं आपल्याला पाठ आहे. मग ती तीस रुपयांची सीडी काय होती? कोणीतरी डॅलसमध्ये दोन-तीन वर्षं बसून विणलेलं कापड. आपण त्याची नक्कल घेतली आणि वर त्यांच्या नावाची कोरीव कामं केली. मागवाल्याच्या पोराला हे आधी कळायला हवं होतं.

हलके घ्या, पण फार हलकं नको.

निळा_राजा

हिशेबनीस, चादरीची उपमा जोरदार आहे, पण एक फरक आहे. खरी चादर इथे दुकानात मिळते. २००३ मध्ये सोलापुरात खरी सीडी कुठे मिळायची ते सांगा. मी विचारत फिरलो होतो. एक जण म्हणाला, "खरीच आहे की, बघ, चालते." पुण्याला मामाकडे गेलो तेव्हा एका मोठ्या दुकानात खोका दिसला. मागची किंमत बघितली आणि परत ठेवला. माझी वर्षाची शाळेची फी तेवढी नव्हती. क्रेडिट कार्ड हे घरात कोणी बघितलेलं नव्हतं.

दुसरं म्हणजे एन्सेम्बल आपल्यामुळे बुडाली असा सूर नको. खप चांगलाच होता त्यांचा. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये कंपनी विकत घेतली, आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनीच सांगितलं की हातातला 'हेलो वॉर्स' हा गेम झाला की बंद. वरच्या मजल्यावरचा निर्णय. नवी पेठेतल्या तीस रुपयांचा त्यात हात नाही.

हिशेबनीस

मी बुडवलं म्हटलंच नाही. भक्त म्हणायचं का, एवढंच विचारलं होतं ना? मी म्हटलं नाही. गिऱ्हाईकसुद्धा नाही.

पार्कचौक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. म्हणजे चुरमुरे.

भोंगा

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो.

निळा_राजा यांनी हेलो वॉर्सचं लिहिलं तिथे थबकलो. म्हणजे त्या लोकांना सप्टेंबरमध्ये कळलं की नोकरी जाणार, आणि तरी त्यांनी तो गेम पुरा केला. मी शोधून बघितलं, गेम बाजारात आला तेव्हा स्टुडिओ बंद झालेला होता.

माझे आजोबा इथल्याच एका गिरणीत जॉबर होते. गिरणीच्या शेवटच्या महिन्यात पगाराचं काही ठरत नव्हतं. आजी म्हणायची, जाता कशाला. ते म्हणायचे, भीम (ताण्याचा रूळ) चढलेला आहे, निम्म्यात कसा सोडायचा? ताणा संपेपर्यंत गेले. शेवटच्या दिवशी येताना त्यांनी आपला धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी नळी, आणला, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, मधला भाग हाताने घासून काळा तुळतुळीत. अजून आमच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. धागाकर्त्याचं नाव बघूनच हा धागा उघडला होता.

हेलो वॉर्स मी खेळलेलो नाही. आता बघेन म्हणतो.

धोटा

भोंगा, काय बोलू.

कडक_भाकरी

वातावरण जड झालं. एक शंका : एजचा तिसरा भाग कोणाला आवडला होता का?

निळा_राजा

माझी भक्ती तिथेच तुटली. २००५. आधी तर तो आमच्या मशिनवर चालेच ना. दुसऱ्या भागाला पेंटियम १६६ आणि ३२ एमबी रॅम पुरायची, तिसऱ्याला वेगळं ग्राफिक कार्ड. दोन वर्षांनी मित्राकडे बघितला. माणसं शेतात काम करतात आणि धान्य आपोआप जमा होतं! ओझं घेऊन मिलपर्यंत चालत जाणं नाही, लाकडाचा कॅम्प कुठे टाकायचा याचं डोकं नाही. आमची मंडळी डोक्यावर ओझी वाहून मोठी झालेली. शिवाय ती पत्ती काढून घरून माल मागवायची. गेम आहे की रमी?

मिशन_एक

दुसऱ्या भागात शेत संपलं की परत पेरायचं ते आठवलं. साठ गावकरी शेतावर आणि सगळी शेतं एकदम संपायची. खरा शेतकरी तेव्हा कळला.

निळा_राजा

ते मूळ एज टूमध्ये. कॉन्कररमध्ये मिलमध्ये आधीच पैसे भरून पेरण्या रांगेत लावता यायच्या. आणि तू तर मेंढ्या राखणं म्हणत होतास, इतकं कसं माहीत?

मिशन_एक

...लाइट गेल्यावर आयजीआय सेव्ह होत नव्हता ना. मग काय करणार.

शेंगाचटणी

सापडला! ११ ११ ११

बाळंतशेपा

अवांतर : मराठे कधी येणार एजमध्ये? द्रविड आले, बंगाली आले, गुर्जर आले, हिंदुस्थानी आले. आपण काय घोडं मारलंय?

निळा_राजा

घोडंच मारलंय, म्हणजे द्रविडांनी. त्यांना नाइटच (चिलखती घोडेस्वार) नाही दिलेला. हे चौघे २०२२ च्या एप्रिलमधल्या भरतीतले, पण हिंदुस्थानी म्हणजे आधीच्याच भारतीयांचं बदललेलं नाव. एज टूचा काळ साधारण १६०० च्या आत संपतो, महाराजांचा जन्म १६३० चा. त्यामुळे तिथे मराठे बसवणं अवघड. तिसऱ्या भागाचा काळ जुळतो. त्याच्या 'एशियन डायनॅस्टीज'मध्ये भारत होता, १८५७ वरची मोहीमही होती. तो भाग मुख्यतः बिग ह्यूज गेम्सने केला होता, एन्सेम्बल सोबत होती.

तायडी

त्यात भारतीयांचा गावकरी अन्नाऐवजी लाकूड देऊन तयार व्हायचा. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बरोबर आहे, आपल्याकडे चूल पेटल्याशिवाय माणूस उठत नाही.

बाळंतशेपा

१८५७ करतात, मग १९३० चं सोलापूर का नाही? मार्शल लॉ लागलेलं गाव आहे हे. चार हुतात्मे.

जुना_खेळाडू

त्यांची नावं गेमच्या धाग्यात गोवू नका हो. तो वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. इथे धोट्याचा प्रश्न राहिलाय.

रिकामा_गावकरी

प्रश्नाकडे येतो. (आयडीचा खुलासा : पूर्णविरामाचं बटण दाबलं की रिकामा बसलेला गावकरी सापडायचा. बायको म्हणते तसं बटण घरात हवं.)

हिशेबनीसांचं मला पटतं आणि पटतही नाही. कंपनी गेली २००९ ला. मग गेम जिवंत कोणी ठेवला? मायक्रोसॉफ्टने काही वर्षं ढुंकून पाहिलं नाही. खेळणाऱ्यांतल्याच काही जणांनी 'फरगॉटन एम्पायर्स' नावाचं मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये घातलेली भर, केलं. नवीन राज्यं, नवीन नकाशे, सगळं रिकाम्या वेळात, फुकट. २०१३ मध्ये एचडी आवृत्ती आली आणि त्याच वर्षी याच पोरांच्या कामाला अधिकृत भाग म्हणून घेतलं, त्यात पहिल्यांदा भारतीय आले. पुढे २०१९ च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीवर आणि वर बाळंतशेपांनी मोजलेल्या चार राज्यांवर हेच लोक. देवळाचा पुजारी निघून गेला आणि दर्शनाच्या रांगेतल्यांनी दिवा लावला, असा प्रकार आहे.

त्यांच्यातले किती जण लहानपणी मार्करवाली सीडी खेळले असतील, देव जाणे. आमच्यात आणि त्यांच्यात फरक इतकाच की त्यांनी काहीतरी बनवलं, आम्ही फक्त २७ टाकत बसलो.

हिशेबनीस

हे मान्य. ज्याने दिवा लावला त्याला भक्त म्हणू. धोट्याने काय लावलं?

धोटा

विचारलंच आहे तर सांगतो, धाग्यात लिहायचं टाळत होतो.

२०१९ मध्ये डेफिनिटिव्ह आवृत्ती आली त्या आठवड्यात विकत घेतली. पहिल्यांदा. पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा हात थरथरले असं लिहिलं असतं, पण खरं सांगायचं तर ओटीपी दोनदा चुकला आणि वैताग आला. मग २०२२ चा भागही घेतला. हे पैसे एन्सेम्बलला गेले नाहीत, ते मला माहीत आहे. मेलेल्या माणसाचं देणं त्याच्या पुतण्याला द्यावं तसं.

माग आता दोनच आहेत. दोन भंगारात गेले, टनावर. वडील दुपारी शेडमध्ये नुसते बसतात, कांड्या निवडतात. मागच्या दिवाळीत लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसलो. लेकाने खेळायला घेतलं, माझ्या लेकाने, वय आठ. त्याने सुरुवातीलाच लूम दाबला नाही. मी म्हटलं, "घे की, पन्नासच आहे." तो म्हणाला, "पप्पा, आधी गावकरी करायचे, लूम नंतर, सगळे चांगले खेळणारे असंच करतात." वडिलांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. आधी माणसं पाहिजेत."

हिशेबनीस, तुमचं चादरीचं बोलणं मी वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांचा पत्ता आहे का, दोन चादरी पाठवू." डॅलसचा पत्ता नाही माझ्याकडे.

भोंगा

आयडी काय आहे तुमचा गेममध्ये? मी पण घेतला काल. मेंढी सोडून बाकी काही सापडत नाही.

पार्कचौक

शनिवारी रात्री दहा. पिवळा माझा. साडूलाही बोलावतो, पण होस्ट तो नाही.

तायडी

मी आहे. वीज पाडता येत नाही ना यात? चालेल, तरी येते.

मिशन_एक

मेंढ्या मी सांभाळतो.

हिशेबनीस

विकत घेतलेली प्रत असेल त्यांनीच यायचं.

(मी कालच घेतली.)

कडक_भाकरी

१४